मागच्या दाराचा बझर

ताईचा आणि कॉम्प्युटरचा छत्तीसचा आकडा. सुईत दोरा ओवावा, मशीन मारावं, गिऱ्हाइकांनी ब्लाउजला ठेवलेली नावं ऐकून घ्यावीत, एवढंच तिचं जग. तरी त्या ढगाळ दुपारी ती धाकट्या भावाचा लॅपटॉप उघडून बसली होती, कारण मागच्या दाराचा बझर वाजेनासा झाला होता.

बझर आप्पांसाठी होता. आप्पा म्हणजे तिचे वडील. हल्ली त्यांना कशाचं भान नसे, आणि नजर चुकवून बाहेर पडायची खोड लागली होती. घरामागे जुनी दगडखाण, तिच्यात दोन पुरुष पाणी. मशीनच्या खडखडाटात ताईला दार ऐकू येत नसे, म्हणून धाकट्याने चौकटीवर काड्यापेटीएवढा वायफायचा बोर्ड बसवला. दार उघडलं की तिच्या टेबलावरचा बझर कोकलायचा. बोर्डाने काय करायचं ते एका फाइलीत लिहायचं आणि ती घरच्या वायफायवरून त्याला पाठवून द्यायची.

"स्टुलावर चढून कंबर मोडून घेऊ नकोस, ताई. बसल्या जागी पाठव," तो म्हणाला होता. वहीत सगळं लिहूनही दिलं होतं. आधी दाराला वरची कडी घाल, कारण फाइलींचं काम चालू असताना बोर्ड पहारा सोडतो. मग जुन्या फाइलीची प्रत उतरवून घे. मगच नवी पाठव.

त्यानंतर महिन्याभरात तो स्वतःच त्या पाण्यात बुडून गेला. भर दुपारी. शेजारच्या सुताराने मागाहून सांगितलं, "ताई, ताई म्हणून दोनदा हाक मारली त्याने. मला वाटलं, तुम्ही गेला असाल."

ताई मशीनवर होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. गेले सहा महिने मात्र ती हाक तिच्या कानातून जात नव्हती. भाऊ तर गेला, आता आप्पांना तरी जपायचं, या एका गोष्टीवर ती उभी होती. आणि या आठवड्यात आप्पांच्या चपलांना तीनदा खाणीतला पांढरा चिखल लागलेला दिसला होता.

तिने वही समोर ठेवली आणि पासवर्ड टाकला. पडद्यावर ओळ उमटली. नाकारलं आहे. दुसरं कोणीतरी आधीच जोडलेलं आहे.

बोर्ड एका वेळी एकाशीच बोलतो, हे तिला धाकट्यानेच सांगितलं होतं. पण दुसरं होतं कोण? घरात लॅपटॉप हा एकच. त्याचा फोन त्याच्याबरोबर बुडाला, तो काही वर आला नाही. ताईने पुन्हा पासवर्ड टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. खोलीत ओल्या दगडाचा वास येऊ लागला होता. खिडकी तर बंद होती.

चौथ्यांदा लगेच जोडलं गेलं. कोणीतरी सरकून जागा करून द्यावी तसं.

तिने जुनी फाइल उतरवून उघडली. प्रत्येक ओळीच्या वर तिचा अर्थ साध्या मराठीत लिहायची धाकट्याची सवय होती. 'माझ्या ढ ताईसाठी' अशी वरती टीप. ती वाचून तिला आत्ताही हसू आलं. दार उघडलं की बझर वाजवायचा. दार लागलं की थांबवायचा. ती खाली खाली वाचत गेली. अगदी शेवटी, त्याच्याच शब्दांत, याच आठवड्यातली तारीख घालून लिहिलं होतं:

ताई मशीनवर बसली की बझर वाजवायचा नाही.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. आणि मग आठवलं, कडी घालायची राहिलीच.

मागचं दार सताड उघडं होतं. चप्पल न घालताच ती खाणीकडे धावली. आप्पा काठावरच्या दगडावर बसले होते, मांडीवर हात ठेवून, अगदी शांत.

"आप्पा... उठा. घरी चला."

"एवढी धापा टाकत कशाला आलीस? मी काही पाण्यात जात नाही."

"मग रोज इथे का येता...?"

"तोच बोलावतो ना." आप्पा हळू आवाजात म्हणाले. "म्हणतो, आप्पा, तुम्ही नुसते काठावर बसा. पाण्याला पाय लावू नका. तुम्ही घरात दिसला नाहीत की ताई धावत येईल... हाका मारून काही ती येत नाही."

ताईला रडू कोसळलं. आप्पांना उठवायला तिने हात पुढे केला, पण तो पोचेना. आप्पा कोरड्या दगडावर होते. ती त्यांच्या शेजारीच येऊन थांबली होती, पाण्यापासून चांगली चार पावलं अलीकडे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं होतं.

आप्पा तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"आली रे," ते मायेने म्हणाले.