पडलेल्या स्लॅबची ऊब

स्लॅब पडला अकरा वाजून वीस मिनिटांनी. तपासणीस बाई साइटवर पोचल्या तेव्हा दोन वाजले होते, आणि पडलेला स्लॅब फोनवर अजून ठणठणीत होता.

"बघा ना," मॉडेलवालीने फोन पुढे केला. "सत्तावीस अंश. ताकद पंच्याऐंशी टक्के. हिरवा."

साइटवर सगळे तिला मॉडेलवालीच म्हणत. कंटेनरमधल्या ऑफिसात बसून ती पडद्यावर इमारत उभी करायची. बाहेर माणसं जे बांधत, ते तिच्या पडद्यावर रंगत जायचं. ओलं काँक्रीट लाल, मुरलेलं हिरवं. हा रंग ठरवायची काडेपेटीएवढी एक डबी. काँक्रीट ओतण्याआधी ती सळईला बांधायची. मग आत गाडली गेलेली डबी आठवडाभर पोटातली ऊब कळवत राहायची आणि त्या उबेवरून ताकदीचा आकडा फोनवर यायचा. आकडा हिरवा झाला की स्लॅबला खालून पेलून धरणारे धिरे काढायचे.

बाईंनी पाचव्या मजल्याकडे मान वर केली. स्लॅबच्या जागी वाकलेल्या सळ्या लोंबत होत्या आणि मधून आभाळ दिसत होतं. बोचरा वारा आठवडाभर थांबला नव्हता. खाली ढिगाऱ्यावर कुणीतरी एक पिवळं हेल्मेट उलटं ठेवलं होतं. गुणगुण्याचं. काम करताना हा माणूस सतत काहीतरी गुणगुणायचा. तो कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघावं लागत नसे, ऐकू यायचं. आज साइटवर दीडशे माणसं होती आणि नुसता वारा ऐकू येत होता.

"बाहेर किती अंश आहेत?" बाईंनी विचारलं.

"आठ."

"आणि फुटून उघड्यावर पडलेला स्लॅब सत्तावीस?"

"डबी बिघडली असेल, मॅडम."

"बिघडलेली डबी गप्प बसते, नाहीतर काहीबाही बरळते. ही शहाण्यासारखी बोलतेय. त्याचीच भीती वाटते मला. आठवडाभराचा आलेख दाखव."

रेघ जवळजवळ सपाट होती. शुक्रवारी काँक्रीट ओतलं, शनिवारपासून सत्तावीस. रात्री हातपाय गोठवणारी थंडी, तरी सत्तावीस. फक्त एका जागी रेघेला खाच होती. मंगळवारी दुपारी बाराला रेघ उतरत गेली, पंचवीसला टेकली आणि सव्वा वाजल्यापासून पुन्हा वर.

"रात्री ऊबदार आणि भर दुपारी गारठलेला," बाई पुटपुटल्या. "विचित्रच स्लॅब."

मुकादम प्लायच्या थप्पीवर बसले होते. शेजारी हवालदार कागद घेऊन उभा. कागदावर लिहिलं होतं की धिरे चुकीच्या क्रमाने काढल्यामुळे स्लॅब पडला. डबी हिरवी होती म्हणजे काँक्रीट पक्कं होतं, आणि काँक्रीट पक्कं होतं म्हणजे चूक मुकादमांचीच. पाच वाजता त्यांना चौकीवर न्यायचं होतं.

"धिरे कसे काढलेत, मुकादम?"

"मधून सुरुवात. मग दोन्ही कडांकडे. चाळीस वर्षं तसंच काढतोय."

"मग सही कशाला करताय?"

म्हाताऱ्याने वर पाहिलं नाही. "माणूस गेला ना, बाई. माझ्या शब्दावर खाली शिरला होता. मला म्हणाला, आज आवाज बरा लागलाय, दोन धिरे जास्त काढतो."

बाई त्यांच्या शेजारी थप्पीवरच बसल्या.

"काढण्याआधी काही शंका आली होती?"

"आली होती." मुकादमांनी कमरेच्या पट्ट्यातली हातोडी चाचपली. "वर जाऊन ठोकून बघितलं मी. मुरलेलं काँक्रीट खणखणतं. हे बद्द वाजलं. म्हटलं, थंडी आहे, चार दिवस थांबू. पण जावईबापूंनी फोन दाखवला. हिरवा. म्हणाले, मामा, तुमचे कान म्हातारे झाले, या डबीचे नाही."

साइट इंजिनिअर हा मुकादमांचा जावई. धाकटीचा नवरा. सगळ्या साइटला ठाऊक होतं. सासऱ्याला त्याचा किती अभिमान होता तेही.

"मंगळवारी दुपारी काय झालं होतं?"

"लाईट गेली होती. बारा ते तीन. गुणगुण्या आणि दोघं जण लिफ्टच्या पिंजऱ्यात अडकले, चौथ्या मजल्यापाशी. वाऱ्यात लटकून. मी जावईबापूंना म्हटलं, जनरेटर जोडा. तर म्हणाले, तळघरात पाणी भरतंय, पंपाला लावलाय." म्हातारा किंचित हसला. "तीन तास गात होता वरून. खाली उतरला तेव्हा ओठ निळे पडले होते, तरी मला म्हणतो कसा, मुकादम, आज ऐकणारे जास्त होते."

हवालदाराने खाकरून कागद पुढे केला.

"पाचला अजून वेळ आहे," बाई म्हणाल्या. "तोवर सही नको."

इंजिनिअर कंटेनरच्या पायरीवर उभा होता. कपडे धुळीने माखलेले. सकाळी ढिगारा उपसायला सगळ्यांत आधी त्याचेच हात लागले होते. डोळे लाल.

"मामांना सांभाळून घ्या, मॅडम," तो म्हणाला. "वय झालंय. सवयीने कडेचे धिरे आधी काढले असतील."

"सवयीने तर मधले काढतात ते."

"मग चुकून. दुसरं कारणच नाही. डबीला विचारा ना, ती कशाला खोटं बोलेल?"

"डबी बसवली कोणी?"

"मॉडेलवालीने. गुरुवारी संध्याकाळी. फोटो आहे. आकडे तीच बघते, रंग तीच बदलते." त्याने बाहीवरची धूळ झटकली. "मी कुणावर आळ घेत नाही."

"शुक्रवारी ओतण्याआधी सळ्या कोणी तपासल्या?"

"मीच. सकाळी सहाला. रोजचंच काम आहे ते."

"सहा दिवसांत एक मजला. ही थंडी असताना सुद्धा?"

"कंपनीच्या मोठ्या साहेबांना शब्द दिलाय मी. डबीमुळे जमतं. मागचा मजलाही थंडीतच झाला. काही झालं का त्याला?"

कंटेनरच्या मागे पत्र्याची शेड होती, तिला लॅब म्हणत. लॅबवाले काका दारातच उभे होते, जणू कुणी येण्याची वाट बघत. प्रत्येक ओतकामाच्या वेळी ओल्या काँक्रीटचे सहा ठोकळे साच्यात भरायचे, दुसऱ्या दिवशी काढून टाकीतल्या पाण्यात ठेवायचे आणि ठरल्या दिवशी यंत्रात घालून फोडायचे; किती जोर सोसला त्यावर ताकद कळते. काकांचं आयुष्य त्यात गेलं होतं.

"आता फोडत नाही?"

"कोण विचारतो, मॅडम? डबी आल्यापासून इंजिनिअर साहेब म्हणतात, तुमचे ठोकळे म्युझियमला द्या. मी आपला भरतो आणि ठेवतो. नेम मोडवत नाही."

बाईंनी टाकीत हात घातला. पाणी कोमट होतं. काठाला तापवायची दांडी टांगलेली, तिची वायर भिंतीकडे गेलेली.

"किती अंशांवर ठेवता?"

"सत्तावीस. नियमच आहे तो."

मॉडेलवालीने दचकून हातातल्या फोनकडे पाहिलं.

"मंगळवारी लाईट गेली तेव्हा काय केलंत?"

"तेव्हा मात्र कमालच झाली!" काकांचा चेहरा उजळला. "इंजिनिअर साहेब स्वतः जनरेटर ढकलत घेऊन आले. म्हणाले, काका, तुमचं पाणी गार व्हायला नको. एकला दहा मिनिटं कमी असतील. मला भरून आलं हो. म्हटलं, बोलायला तिखट आहे पण पोरगा मनाचा चांगला."

"लॅबची किल्ली कुणाकुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक इंजिनिअर साहेबांकडे."

"गेल्या शुक्रवारी-शनिवारी काही खटकलं?"

काकांनी डोकं खाजवलं. "शनिवारी एक साचा कुणीतरी न पुसता ठेवला होता. मी कधी तसा ठेवत नाही."

बाईंनी हात पुसले. "सगळ्यांना इथे बोलवा. मुकादमांनाही. आणि शुक्रवारचे ठोकळे बाहेर काढा."

शेडमध्ये दाटी झाली. काका एकेक ठोकळा टेबलावर मांडत गेले. प्रत्येकावर खिळ्याने कोरलेला नंबर. एक, दोन, तीन. सहावा ठेवून त्यांनी पुन्हा पाण्यात पाहिलं आणि हात तसाच राहिला.

वरच्या थरात, भिंतीच्या कडेला, सातवा होता. त्यावर नंबर नव्हता.

"हा माझा नाही," काका म्हणाले.

बाईंनी तो बाहेर काढून दाराशी, वाऱ्यात ठेवला. "आता फोनकडे बघत राहा."

पाण्याचे थेंब टपटपत होते. थोड्या वेळाने मॉडेलवालीचा आवाज फुटला. "सव्वीस." मग बऱ्याच वेळाने, "चोवीस. मॅडम, उतरतंय."

"डबी खोटं बोललीच नाही," बाई म्हणाल्या. "ती ज्या काँक्रीटमध्ये होती, त्याचं खरं खरं सांगत राहिली. फक्त ती स्लॅबमध्ये नव्हती. गुरुवारी संध्याकाळी सळईला बांधली, फोटो निघाला. शुक्रवारी ओतण्याआधी कुणीतरी ती सोडवली, एका साच्यात ठेवली आणि त्याच काँक्रीटने साचा भरला. दुसऱ्या दिवशी ठोकळा या कोमट पाण्यात आला. वर स्लॅब थंडीत कुडकुडत होता, त्याची निम्मी ताकदही भरली नव्हती. इथे हा लाडात वाढत होता."

"म्हणजे काकांनी?" हवालदाराने विचारलं.

"काकांनी केलं असतं तर सहांपैकीच एकात डबी ठेवून नंबर कोरला असता, म्हणजे कुणाला कळलंच नसतं. आणि साचा पुसून ठेवला असता."

"मग ही?" इंजिनिअरने मॉडेलवालीकडे बोट केलं. "रंग हिच्या हातात आहेत."

"म्हणूनच ती नाही. जिच्या हातात आकडेच आहेत, ती पाणी कशाला तापवील? पडद्यावर बदलले असते." बाई त्याच्याकडे वळल्या. "मंगळवारी बाराला लाईट गेली. पाणी गार होऊ लागलं, फोनवर रेघ उतरली. ती तुम्हाला दिसली आणि तुम्ही घाबरलात. साइटवर एकच जनरेटर. तीन माणसं वाऱ्यात लटकलेली. मामांना तुम्ही सांगितलंत, तो पंपावर आहे. आणलात मात्र इथे. लाईट आली तीनला, रेघ चढली सव्वापासून. ज्या ठोकळ्यांना म्युझियमला धाडत होतात, त्यांचं पाणी तापवायला माणसं टांगून ठेवलीत. का?"

इंजिनिअर भिंतीला टेकून खाली बसला.

"मागच्या मजल्यालाही हेच केलं होतं, काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "खरंच काही झालं नव्हतं, मॅडम."

शेडमध्ये कुणीतरी नकळत एक पाऊल मागे सरलं, जणू पायाखालची जमीनही तपासून घ्यायला हवी.

मुकादम गर्दीतून पुढे आले. लेकीचं लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला कधी अहो-जाहो सोडून हाक मारली नव्हती.

"मी ठोकून बघितलं तेव्हा," ते म्हणाले, "बद्द वाजलं म्हटलं तुला. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"मामा..."

"ठाऊक होतं का?"

"हो."

म्हाताऱ्याने मान हलवली. हवालदाराने न सांगताच कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. मग इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवला.

"धाकटीला मी सांगेन," मुकादम म्हणाले. "आधी गुणगुण्याच्या घरी जाऊन येतो."

दाराशी ते थबकले. सातवा ठोकळा वाऱ्यात सुकत होता. फोनवर आता एकोणीस होतं. मुकादमांनी कमरेची हातोडी काढली, वाकले आणि एकदाच हलकेच ठोकलं.

खण्ण.

"हा मुरलाय," ते म्हणाले, आणि हातोडी तिथेच ठोकळ्यावर ठेवून चालू लागले.