शकीचे हात

त्या साली कराडात कुणी कुणाचे हात बसवून घेतले, याचीच चर्चा घरोघरी चालायची. एका सोनाराच्या नातवाला वारलेल्या आजोबांची नक्षी आली. एका नव्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या गुरूंचे टाके आले. आणि एका हौशी सूनबाईंनी तर चुलतसासूचे पुरणपोळीचे हात बसवून घेतले. पोळी अशी झकास फुगायची म्हणता! पण दर पोळीमागे सूनबाई सासूसारखंच नाक मुरडायला लागल्या, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय, लोक बोलतातच.

हात बसवणे म्हणजे कापाकापी नव्हे बरं का. शास्त्रातलं नाव हस्तसंस्कार. डोक्यावर जाळीची टोपी घालायची, रोज थोडा वेळ स्वस्थ बसायचं, आणि महिन्याभरात दुसऱ्याची कसबी सवय आपल्या अंगात उतरायची.

कोयनाकाठ महिला महाविद्यालयाची केतकी शेडगे त्या टोपीखाली बसली, त्याला कारणही तसंच होतं. केतकी संघाची सेटर, म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू उचलून देणारी. स्कूटरवरून पडून तिची दोन्ही मनगटं मोडली. हाडं जुळली, पण हातातली नजाकत गेली ती गेलीच. चेंडू उचलायला गेली की दगड फेकल्यासारखा जायचा. पदवीचं शेवटचं वर्ष, आणि नवा हंगाम तोंडावर आलेला. कृष्णा-कोयना महिला व्हॉलीबॉल परिषदेत आठ महाविद्यालयं. हंगामाआधी आठही प्रशिक्षक मतं देऊन अंदाज जाहीर करतात. कोयनाकाठ आठवं! त्यांच्या प्रशिक्षक भोईटे मॅडमनी स्वतः आपल्या संघाला सातवं धरलं होतं, तेवढीच काय ती माया. गेल्या दोन हंगामांत पोरींनी एक सामना जिंकला असेल तर शपथ.

परिषदेने यंदा पहिल्यांदाच हस्तसंस्काराला परवानगी दिली होती. केतकीबरोबर प्रयोगशाळेत आली नाझनीन मुल्ला, तिची शाळेपासूनची मैत्रीण आणि संघाची मुख्य स्मॅशर. केतकीने उचलायचं आणि नाझनीनने हाणायचं, हे पाचवीपासून ठरलेलं.

"डॉक्टर, एक विचारू?" नाझनीन म्हणाली. "हिच्या अंगात कुणी यायचं तर नाही ना?"

डॉ. शर्वाणी टिळेकर खळखळून हसल्या. "भूत नाही गं येत! हे बघ, तू सायकल चालवतेस तेव्हा विचार करतेस का, आता डावा पाय, आता उजवा? नाही. ती सवय लहान मेंदूत, इथे मानेच्या वर, धाग्यांच्या विणीसारखी बसलेली असते. आम्ही एकीची वीण नोंदवून घेतो आणि मंद विजेने दुसरीच्या मेंदूत तीच वीण घालतो. नाव, गाव, आठवणी यातलं काही येत नाही. नुसती सवय."

"आणि नाही पटली तर?"

"सुरुवातीला पुसता येते. एकदा मुरली की मग नाही. लोणच्यातलं मीठ काढता येतं का? तसंच."

हात होते बेळगावच्या कुणा शकुंतला माने यांचे. आपल्या काळातल्या नावाजलेल्या सेटर. गेल्या वर्षी वारल्या, पण त्याआधी हात नोंदवून गेल्या होत्या.

महिन्याभराने केतकी मैदानात उतरली आणि तिने पहिला चेंडू उचलला. अहाहा! बोटांना चेंडू लागला की नाही हेसुद्धा कळलं नाही, इतका हलका उठला. केतकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. फक्त एक घोटाळा झाला. चेंडू समोर डावीकडे उभ्या असलेल्या नाझनीनला द्यायचा होता. तो गेला डोक्यावरून मागे, उजव्या कोपऱ्यात, आणि तिथे कुणीच नव्हतं.

"केतके, मी काय इथं शेंगा निवडायला उभी आहे?" नाझनीन ओरडली.

दुसरा चेंडूही तिकडेच गेला. तिसराही. शेवटी नाझनीन कंबर कसून उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, तर चेंडू वीतभर अलीकडेच उतरायला लागला. उजव्या हाताने मारू म्हटलं तर हात पोचायच्या आधीच चेंडू डाव्या खांद्यावर हजर! पोरी हसून हसून नेटला लोंबकळल्या.

भोईटे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शिट्टी काढून बाकावर ठेवली, उजव्या कोपऱ्यात गेल्या आणि म्हणाल्या, "उचल गं."

केतकीने उचलला. पन्नाशी ओलांडलेल्या मॅडमनी उडी मारून डाव्या हाताने असा चेंडू हाणला की मागचा पत्रा खणाणला. मग तिथेच खाली बसून त्यांनी चेहरा झाकून घेतला.

"शकीचे हात आहेत हे," त्या म्हणाल्या. "कुणी मला सांगितलं का नाही?"

पोरी भोवती बसल्या. मॅडम नाक पुसत बोलायला लागल्या. शकी, म्हणजे शकुंतला माने, आणि त्या एकाच संघातल्या. शकी उचलायची, डावखुऱ्या मालन भोईटे, म्हणजे मॅडम स्वतः, मारायच्या. विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात शेवटचा चेंडू शकीने दुसरीलाच दिला आणि सामना गेला. "मी हाक मारत होते, पण तिनं मला दिला नाही. त्या रागानं मी तिच्याशी जन्मभर बोलले नाही. तिच्या लग्नाला गेले नाही, मयताला गेले नाही. आणि ही बया सगळा जन्म माझ्याच कोपऱ्यात चेंडू टाकत राहिली! बेळगावात तिथं होतं तरी कोण?"

नाझनीनने पिशवीतून भडंग काढून मॅडमच्या ओंजळीत घातलं. मॅडम रडत रडत खात राहिल्या.

हे कळताच डॉ. टिळेकर धावत आल्या. "पुसायचं असेल तर आत्ताच पुसावं लागेल," त्या केतकीला म्हणाल्या. "पण मग तुझे ते जुने लाकडी हात परत येतील." मग मॅडमकडे वळून त्यांनी विचारलं, "मला एक सांगा. सेटर तर चेंडूकडे बघत असते. मारणारी कुठे आहे हे तिला कळतं कसं?"

"हाकेवरून," मॅडम म्हणाल्या. "हाक आली की हात आपोआप वळतो. कान आणि हात वेगळे नसतातच हो."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "कान आम्ही कधी हिशेबात धरलाच नव्हता," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

केतकीचं काळीज दोन्हीकडे ओढत होतं. हात ठेवावेत तर नाझनीनला चेंडू मिळत नाही. काढावेत तर कुणालाच मिळत नाही. नाझनीन असली की केतकीला मैदान घरासारखं वाटायचं, आणि ते घर तिला सोडायचं नव्हतं.

"ठेव," नाझनीन म्हणाली. "हात नाही बदलत ना? मग मी बदलते."

आणि त्या पोरीने डावा हात धरला. दात डाव्या हाताने घासले, केस डाव्या हाताने विंचरले, डाव्या हाताने भाकरी मोडली म्हणून अम्मीच्या लाटण्याचा प्रसादही खाल्ला. सुरुवातीला चेंडू छपरावर, मग प्रेक्षकांत, मग नेटमध्ये; आणि एके सकाळी धाडकन रेषेच्या आत! केतकी किंचाळत धावली आणि दोघी मैदानात लोळल्या. एव्हाना हात पुरते मुरले होते.

हंगामाचा पहिला सामना गेल्या वर्षीच्या विजेत्या सांगलीकरणींशी होता. त्या आल्या होत्या फिरायला आल्यासारख्या. पहिला सेट हरल्यावर त्यांनी पाण्याच्या बाटल्या खाली ठेवल्या, आणि बरोबरी होऊन पाचवा, शेवटचा सेट लागला तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांचा घसा बसला होता. चौदा-बारा. एक गुण, की आठव्या नंबरच्या पोरी जिंकणार! अख्खं कराड उभं राहिलं होतं.

चेंडू वेडावाकडा उडाला. केतकी त्याच्यामागे बाहेरपर्यंत धावली. आणि बाकावरच्या भोईटे मॅडमचं भान सुटलं. त्या उठल्या आणि जीव तोडून ओरडल्या, "शके! मला!"

केतकीचे हात वळले. चेंडू नेटकडे गेलाच नाही. सुरेख कमान घेऊन तो थेट बाकापाशी, मॅडमच्या डाव्या खांद्यावर उतरला. आणि मॅडमनी मारला की हो! चेंडू बाहेर गेल्याची खूण म्हणून जमिनीवरची रेषा लाल झाली, गुण सांगलीला गेला, आणि हसण्याने छप्पर उडायचं बाकी राहिलं. मॅडम लाजून लाल. पण चेहऱ्यावर हसू असं, की वर्षानुवर्षांचा राग एका फटक्यात उतरला असावा. शेवटचा चेंडू त्यांना मिळाला होता.

नाझनीन धापा टाकत आली. "मी तीन हाका मारल्या गं. ऐकू नाही आल्या?"

"नाही. खरंच नाही."

"आणि मॅडमची आली?"

"त्यांनी माझं नावच घेतलं ना!" केतकी म्हणाली.

नाझनीन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात पंचांची शिट्टी झाली.

चौदा-तेरा. सर्व्हिस आली, मागच्या पोरीने झेलली, चेंडू केतकीच्या डोक्यावर आला. क्षणभर सगळं शांत होतं. मग उजव्या कोपऱ्यातून नाझनीनची हाक आली, स्वच्छ, खणखणीत, आणि केतकीच्या हातांना नेमकं कळलं कुठे द्यायचं. नाझनीन हवेत उठली, डावा हात फिरला, आणि सांगलीची मधली जमीन वाजली.

जिंकलो! पोरी एकमेकींवर कोसळल्या. ढोल वाजायला लागले, मॅडम डॉक्टरांना मिठी मारून नाचत होत्या. केतकीला वाटलं, एवढा आनंद माणसाच्या अंगात मावतो तरी कसा! तिने नाझनीनला उचलून गरागरा फिरवलं, तेव्हा कुठे तिला दिसलं की नाझनीन रडते आहे.

"अगं वेडे, जिंकलो आपण! रडतेस काय?"

नाझनीनचे ओठ हाक मारल्यासारखे हलत होते. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. केतकीला काही ऐकू येईना. ढोलांचा दणदणाटच तेवढा होता. ती हसत हसत नाझनीनच्या तोंडाशी कान घेऊन गेली. तरीही काही नाही.

नाझनीनने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "शके."

"ओ!" केतकी म्हणाली.