काझेंबेचे दोन थेंब

माझ्या कुत्र्यानं, काझेंबेनं, चौथ्यांदा पाय वर केला. दोन थेंब... तेही लालसर.

"चल ना रे!" मी दोरी ओढली. दुकान उघडायची वेळ झाली होती.

"ओढू नका त्याला." पाण्याच्या पाइपची भेंडोळी खांद्यावर घेतलेला एक तरुण सायकलवरून उतरला. "तुंबलंय त्याचं. माझा कुत्रा असाच गेला — मी दोन दिवस वाट बघत बसलो. तुम्ही बसू नका."

मी दोरी सैल सोडली.

लिंबानी त्या तरुणाचं नाव. काझेंबेला माझ्या कमरेच्या चितेंजेच्या कापडात गुंडाळून त्यानं कॅरियरवर ठेवलं. जनावरांच्या दवाखान्यापर्यंत झोंबा शहराचा चढ, ऑक्टोबरचं ऊन. तो सायकल ढकलत होता, मी काझेंबेचं डोकं धरून धावत होते.

"मूत्राशयात खडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक वाटेत अडकलाय. दिवसभर कुठे असतो हा?"

"खोलीत... मी शिवणकामाला जाते. घाण नको म्हणून पाणीही थोडंच ठेवते. पण तो धरून ठेवतो हं, शहाणा आहे..."

"त्या शहाणपणानंच घात केला. पाणी कमी, लघवी दाट, तासन्‌तास कोंडलेली; त्यात जंतू झाले की खडे धरतात."

ऑपरेशन चालू झालं. मी बाहेर बाकावर बसले, लिंबानी शेजारी.

"तुमचं काम असेल ना? जा की," मी लिंबानीला म्हणाले.

"जातो. पण आधी माझी बाही तर सोडा."

मी पाहिलं — खरंच, घट्ट धरली होती!

खडे निघाले. "आता भरपूर पाणी," बाईंनी बजावलं, "खडे तपासून त्याप्रमाणे खाणं, अधूनमधून लघवीची तपासणी. आणि दुपारी बाहेर न्यायलाच हवं. कोण नेईल?"

मी मनात दुकानाचे तास मोजू लागले.

"मी," लिंबानी म्हणाला... आणि एकदम जमिनीकडे बघू लागला.

तिसऱ्या दिवशी लघवीसाठी घातलेली नळी काढली. आता त्याची त्यानं करायला हवी होती. दवाखान्याच्या अंगणात, जांभळ्या फुलांच्या सड्यात काझेंबे उभा राहिला. पाय उचलला... काहीच नाही. माझी नखं लिंबानीच्या मनगटात रुतली. पुन्हा उचलला... आणि मग लांबलचक, स्वच्छ धार — थेट लिंबानीच्या जेवणाच्या पिशवीवर!

"अहो, माझं जेवण!"

मी रडत होते की हसत होते, कोण जाणे. "मी घालते जेवायला. रोज येशील ना?"

तो थबकला. "येशील?" त्यानं हळूच विचारलं. "काझेंबेसाठी?"

"दुपारी काझेंबेसाठी," मी म्हणाले. "संध्याकाळी... माझ्यासाठी."