वल्लरीच्या आवाजातला फोन

"इतक्या उलट्या होतायत तर एकटी राहू नकोस. शंभूला घे आणि वर ये."

"अॅसिडिटी आहे हो काकू, जाईल."

वरच्या मजल्यावरच्या सुनीतीकाकूंना वल्लरीनं सकाळी असं वाटेला लावलं.

वल्लरी म्हणजे माझी नणंद. मागच्या श्रावणात, कर्वेनगरातल्या तिच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी हे घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यातून काही मिळणार नाहीये.

तिचा नवरा गंधार ऑफिसला गेलेला. घरात ती आणि दीड वर्षाचा शंभू.

पोटात काही उरलं नव्हतं, तरी उमासे थांबेनात. शेवटच्या उमाशाला छातीत काहीतरी तटकन तुटलं.

कळ थेट पाठीत गेली.

ती बाथरूमच्या दाराशीच बसली. आणि...

कुर्र... कुर्र...

वाळक्या पानांवरून कुणी चालावं तसं.

तिनं श्वास रोखला. आवाज थांबला नाही.

तो तिच्याच छातीच्या ठोक्याबरोबर येत होता.

तिनं गळ्याला हात लावला. कातडीखाली थर्माकोलचे मणी चुरडल्यासारखं झालं.

"शंभू..."

हा आवाज तिचा नव्हता. बारीक, नाकातला... कुणा परक्या बाईचा.

शंभू तिच्याकडे बघत मागे मागे सरकला. रडलासुद्धा नाही.

तिनं गंधारला फोन लावला.

"हॅलो, कोण बोलतंय? हा माझ्या बायकोचा फोन आहे. तिला द्या जरा."

"मीच रे..."

"अहो, तिला द्या ना!"

फोन हातातून निसटला. आता वर काकूंना हाक मारावी, तर आवाजच उरला नव्हता.

...दाराला किल्ली लागली.

जादा किल्ली काकूंकडे असायची. "ऊठ. रिक्षा खाली उभी आहे."

हॉस्पिटलात डॉक्टर अॅसिडिटीचं इंजेक्शन लिहायला लागले.

"आधी मानेला हात लावून बघा," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं. चेहराच बदलला त्यांचा. लगेच सीटी स्कॅन. उलट्यांच्या जोरानं अन्ननलिका फाटली होती आणि हवा छातीत सुटून मानेपर्यंत चढली होती. आवाजही त्या हवेनंच बदलला होता. संध्याकाळी ऑपरेशन झालं, म्हणून ती वाचली.

बरी झाल्यावर तिनं विचारलं, "काकू, तुम्हाला मानेचं कसं कळलं?"

"म्हणजे काय? तूच नाही का इंटरकॉमवर सांगितलंस! चांगल्या खणखणीत आवाजात. 'काकू, ते अॅसिडिटी म्हणतील, मानेला हात लावायला सांगा.'"

वल्लरीकडचा इंटरकॉम त्याच्या आधीच रंगकामात काढला होता. तो परत बसवलेलाच नाही.

भिंतीतून नुसत्या वायरी लोंबतायत.

आता तिचा आवाज पूर्ववत झालाय. पण ती स्वयंपाकघरात असली, की शंभू त्या वायरींखाली जाऊन उभा राहतो. मान वर करून हसतो. आणि म्हणतो...

"आई."

तुमच्या ओळखीचं कुणी आज उलट्यांनी हैराण होऊन घरात एकटं पडलंय का? मेसेज टाकून विचारू नका.

जाऊन बघा. आत्ता.