दिलेलं मूळ

सिंधुला सातवा सरत आला होता. उद्यापासून आठवा लागणार, आणि आठव्यात सून गावची येस ओलांडत नाही, असा तिच्या सासरचा कायदा. तिला बाळंतपणाला माहेरी न्यायचं म्हणून तिच्या आत्यानं, धुरपताबाईनं, दोनदा मूळ धाडलं होतं. दोन्ही वेळा सासूनं न्यायला आलेला माणूस परत लावला. "मोठी बाई आली तरच पोर धाडू," असा वर निरोप. तिकडं विहिरी आटलेल्या. दोन जीवांची पोर डोंगर उतरून पाण्याला जाते हे कानावर आलं, तशी धुरपताबाई उठली. आई मेल्यावर सिंधुला तिनंच वाढवलेलं.

एसटीनं जावं तर नांदेडलाच मुक्काम पडतो. म्हणून साठीची बाई लुगड्याचा काष्टा आवळून सिंधुच्या भावाच्या, व्यंकटीच्या फटफटीवर मागं बसली. निलंग्याहून निघाले तेव्हा कोंबडं आरवत होतं. लातूर जिल्हा झाला म्हणून लोकांनी पेढे वाटले होते. खड्डे मात्र जुन्याच जिल्ह्याचे राहिले होते, आणि एकूण एक खड्डा धुरपताबाईच्या कमरेला कळत होता. त्यात व्यंकटी दर फाट्याला थांबे. उदगीरला चहा, मुखेडला पान, नांदेडला मित्र, भोकरला गॉगल पुसायला.

"आरं, फटफटी हाय का म्हातारा बैल? दर कोसाला इसावा."

"इंजिन तापतंय, आत्या."

"माझं टकुरं तापलंय, त्याचं काय?"

भोकर मागं पडलं आणि डोंगर सुरू झाला. सागाची पानं गळून गेलेली, उघड्या टेकड्यांवर नुसता पळस पेटलेला. हिमायतनगरच्या पुढं एका चढावर फटफटी फुरफुरली आणि बंद पडली. व्यंकटी डबा घेऊन ओढ्यात प्यायचं पाणी बघायला उतरला. धुरपताबाई दगडावर बसली. वारा नव्हता, तरी पाचोळा आपसूक खुळखुळायचा, थांबायचा, पुन्हा जरा जवळ खुळखुळायचा.

"माय... मूळ आणलंव का?"

पळसाखाली एक बाई उभी होती. कोवळीच. कपाळभर कुंकू, हातभर हिरवा चुडा, पदर पोटावरून पुढं आलेला, काखेत बोचकं.

"न्हाई बाई. उन्हाची हिंडू नको. जा घरी."

"कुणाला न्यायला आलाव मग? मला का?"

धुरपताबाईनं मान फिरवली. रस्त्यावरच्या कुणाकुणाशी बोलत बसायला तिला सवड नव्हती.

"मूळ आणलंव का, माय..."

ओढ्यातून व्यंकटीची शीळ ऐकू आली. ऊन कलायला लागलेलं, आणि पाण्याला गेलेलं कार्टं शीळ घालतंय. धुरपताबाईचं डोकं सटकलं.

"हाव, आणलंय. तुझंच आणलंय. चल, बस जा गाडीवर, पण सर माझ्या म्होरून."

बाई हसली. बोचकं तिनं या काखेतून त्या काखेत घेतलं, बस्स एवढंच. धुरपताबाई व्यंकटीला हाक मारायला वळली आणि परत बघते तर पळसाखाली कुणी नाही.

गेली एकदाची, असं ती पुटपुटली खरी, पण जिभेला चव राहिली नाही. मूळ हा शब्द असा टाकून द्यायचा नसतो. देवाला कबूल केलेलं कोंबडं एखाद्या साली चुकतं. लेकीला न्यायला आलो म्हटलं की न्यावंच लागतं.

व्यंकटी रिकामा डबा घेऊन आला. गाडी तोवर निवली होती. पण निघाल्यावर उतारालाही ती रेटून रेटून चालली.

"आत्या, नीट बस की जरा. मागं लई वढ बसायलीय."

"मी बसलीय तिथंच बसलीय."

तिच्या पाठीला गार लागत होतं. लुगडं कमरेपासून मानेपर्यंत ओलं झालं होतं. आणि वास... उपसलेल्या विहिरीतल्या गाळाचा वास, त्या रखरखीत डोंगरात. तिनं वळून बघितलं नाही. काही विचारलंही नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

सासरी पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. "बंद करू नको गाडी, लगेच निघायचंय," असं व्यंकटीला सांगून ती उतरली. सासू कस्तुराबाई पाय धुवायला तांब्या घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली. तांब्या हातात तिरपा झाला. पाणी भुईवर सांडलं, तेही तिला कळलं नाही. मागून सिंधु हसतमुखानं धावली आणि तीही थांबली.

"आत्या... दादाच्या मागं ही कोण बसलीय?"

धुरपताबाईला रिकामी सीट दिसत होती. फटफटीच्या आवाजात व्यंकटीला काही ऐकू गेलं नाही.

"नागाबाई हाय," कस्तुराबाई हळू म्हणाली. "वरल्या आळीची सून. बहात्तरच्या दुष्काळात पाण्याला विहिरीत उतरली, ती वर आली न्हाई. दोन जीवांची व्हती. म्हायेराचं मूळ यायचं व्हतं तिला... आलंच न्हाई. इहीनबाई, तुमी काय म्हणालाव तिला?"

धुरपताबाईनं पुन्हा त्या रिकाम्या सीटकडं बघितलं.

"चल म्हणलं असंल, तर मिटलं. एका मुळात एकच लेक जाती. आमची आता धाडता येत न्हाई."

धुरपताबाईच्या अंगाची लाही झाली. "एका मुळात एक. आठव्यात येस न्हाई. मोठी बाई आली तरच. इहीनबाई, तुमच्या विहिरी आटल्या, कायदे तेवढे आटले न्हाईत."

ती तरातरा येशीपर्यंत चालत गेली, येस ओलांडली, माघारी वळली आणि पायीच पुन्हा दारात येऊन उभी राहिली. "हे दुसरं मूळ. सिंधुचं. छकडा जुंपा, आमी इस्लापूरहून रेल्वेनं जातो."

कस्तुराबाईनं छकडा जुंपायला लावला.

निघताना धुरपताबाई व्यंकटीजवळ गेली. "तू एकला ये. हळू चालीव. खड्डे चुकीव. इसावा घेत ये."

"आता ग काय झालं तुला?"

"सांगितलं तेवढं कर."

दिवस डोंगराआड गेला तेव्हा सिंधु येशीबाहेर होती.

व्यंकटी घरी आला तो वैतागून. "हाटेलवाले माझ्या म्होरं दोन-दोन चहा ठेवायलेत. एकलाच हाय म्हणलं की मागं बघून हसायलेत." धुरपताबाईनं त्याला भाकर वाढली आणि विषय तिथंच मिटवला.

सिंधु सुखानं बाळंत झाली. बाळानं मान धरल्यावर नवरा आला आणि एके दिवशी सकाळच्या एसटीनं मायलेकरांना घेऊन गेला. धुरपताबाईनं बाळंतिणीची खोली झाडली. दुपारी दारात कुणीतरी खाकरलं. फेटा बांधलेला एक म्हातारा. पावसानं दडी मारलेली, गल्लीभर धुरळा; ह्याचं धोतर मात्र गुडघ्यापर्यंत ओल्या गाळानं माखलेलं.

"सून न्यायला आलो."

"सिंधु सकाळीच गेली."

"ती न्हाई. आमची."

धुरपताबाईनं चौकट धरली. भीतीच्या आधी तिला संतापच आला. "आत्ता व्हय? दोन जीवांची पोर विहिरीत उतरली तवा कुठं व्हतात?"

म्हातारा खाली मान घालून उभाच राहिला. हलला नाही. मग आतून, त्या झाडलेल्या खोलीतून, झोपाळलेला आवाज आला.

"माय... कोण आलंय?"

धुरपताबाईनं मागं बघितलं नाही.

"कुणी न्हाई. नीज तू," ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर दार लोटून कडी घातली.

आत पाळण्याची दोरी कुरकुरली. पाळणा तर तिनं सकाळीच सोडून माळ्यावर टाकला होता.