परग्रहावरची पाहुणी आणि लाल दिवा

लाल दिवा लागलेला असताना स्टुडिओचं दार उघडायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपली ओली छत्री घेऊन थेट आत शिरले. व्हायोलिनवाल्यांचे हात जागच्या जागी थबकले.

"अगंबाई… चुकीच्या ठिकाणी आले वाटतं," मी पुटपुटले.

काचेपलीकडच्या माणसानं हेडफोन काढले आणि कपाळाला हात लावला. "या आता. बिघडायचं ते बिघडलं," त्याचा आवाज स्पीकरमधून आला. "आणि सांगून ठेवतो, या खोलीत कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं."

मला नेमकी तेव्हाच शिंक आली. तो चिडलेलाच होता, पण डोळ्यांतलं हसू काही त्याला लपवता आलं नाही.

तो रेकॉर्डिस्ट. मी गीतकार, म्हणजे ऐनवेळी दुसरं कुणी मिळेना म्हणून संगीतकार मामानं परगावाहून बोलावून घेतलेली भाची. तेव्हा परग्रहवासीयांच्या गाण्यांची भारी टूम होती. कुठल्या गाण्यात ते नाचायचे, कुठल्या गाण्यात आइस्क्रीम मागायचे. आमच्या गाण्यातली पाहुणी गच्चीवर उतरते, तिची शिंगं वाळत घातलेल्या कपड्यांत अडकतात, मग ती त्याच घरात राहून रडक्या बाळाला झोपवते.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टनं गाण्याची सुरुवात ऐकवली. लांबून, पाण्याखालून यावा तसा एक लाजरा आवाज आला – "चुकीच्या ठिकाणी आले वाटतं…"

"हा माझा आवाज आहे," मी म्हणाले.

"होता," तो म्हणाला. "आता पाहुणीचा आहे."

मामा एवढा खूश झाला, की पाहुणीचे सगळे संवाद माझ्याच गळ्यात पडले. रोज मी काचेच्या अलीकडे उभी, तो पलीकडे बसलेला.

"पाहुणीला इथलं काय आवडलं असेल हो?" तो मधेच विचारायचा.

"चहा बरा असतो म्हणे. माणसं जरा चिडकी."

"सगळीच?"

"एकच. काचेमागे बसतो."

एकदा हेडफोनमध्ये माझे केस गुंतले. तो आत आला आणि एकेक बट हलकेच सोडवत राहिला. केस तर केव्हाच सुटले होते… मीही हलले नाही, तोही.

घोडं अडलं ते शेवटच्या कडव्याशी. "पाहुणी म्हटली की ती परत जायचीच," मामा म्हणायचा. "ऐकणाऱ्याला आवंढा आला पाहिजे." मला तिला परत पाठवायचं नव्हतं. आणि काम संपलं की मीही जाणार होते, सकाळच्या गाडीनं. मामाकडे पुढच्या गाण्यांच्या चाली तयार होत्या, राहायला निमित्त होतं. राहा म्हणणारं माणूस तेवढं गप्प होतं. "गाडी किती वाजता?" एवढंच त्यानं विचारलं आणि वायर गुंडाळायला लागला. मला त्याचा मनस्वी राग आला.

शेवटच्या दुपारी मामा चहाला बाहेर गेला. लाल दिवा लागलेला होता, माइक चालू होता, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. मी माइकजवळ गेले.

"एकदा राहा म्हणाला असतात ना… तर राहिले असते. मला तुम्ही फार आवडता. पण तुम्हाला वायरीच गुंडाळायच्या आहेत."

काचेपलीकडे त्यानं मान वरही केली नाही. माझे कान तापले. मी पर्स उचलली.

"झालं बोलून?" स्पीकरमधून आवाज आला. "स्वतःशी बोलताना दिसलात, म्हणून मी आवाज बंद केला होता. गाणाऱ्यांचं खासगी मी ऐकत नाही."

"आणि शिंका?"

"त्या ऐकतो."

हसावं की रडावं ते कळेना. "पण… रेकॉर्ड झालंय ना ते?"

"झालंय. पुसून टाकू?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. सकाळची गाडी पकडून गुपचूप घरी गेले असते.

"नको," मी म्हणाले. "ऐका."

त्यानं हेडफोन चढवले. मी काचेला खिळून उभी राहिले. त्याचा हात बटणावर तसाच राहिला. मग त्यानं तेच बटण पुन्हा दाबलं, पुन्हा ऐकलं. आणि खुर्ची मागे सारून तो उठला.

लाल दिवा चालूच होता. दुसऱ्या कुणी अशा वेळी दार नुसतं किलकिलं केलं, तरी तो दिवसभर धुसफुसायचा. आज त्यानं स्वतःच ते सताड उघडलं.

"चुकीच्या ठिकाणी नाही ना आलो?"

"दिवा लागलाय…" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"लागू दे." सगळं अहोजाहो एकदमच गळून पडलं. "राहशील?"

मी नुसती मान हलवली. मग वाटलं, एवढं त्याला ऐकू आलंच पाहिजे. "राहीन," मी म्हणाले.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. काचेपलीकडे मामा चहा पिऊन परत आला होता, आणि माइक चालूच होता.

"म्हणजे माझी पाहुणी काही परत जात नाही तर," तो म्हणाला. "मग शेवटचं कडवं नवं लिही. आणि आधी ते दार लावा, बाहेरचा आवाज आत येतोय."