डाव्या वाटेवरची डहाळी

वैशाख लागला होता. धुळ्याच्या सहा नंबर गल्लीत त्या रात्री साडेनऊला वीज गेली, ती परत येण्याचे चिन्ह दिसेना. मंडळी सतरंज्या घेऊन गच्चीवर आली. तोताराम नाना आधीच तेथे भिंतीला टेकून बसले होते. साक्रीच्या रस्त्यावर एसटीची गाडी त्यांनी बावीस वर्षे चालवली होती आणि आता निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. त्यांचा पुतण्या पंडित आणि शेजारचा अन्वर दोघेही कॉलेजात शिकणारे. त्यांना झोप यायला अवकाश होता.

"नाना, एखादी भुताची होऊन जाऊ द्या," अन्वर म्हणाला. "पण खरी. तुमच्या गाडीत तिकीट काढून बसलेलं भूत असेल तर उत्तमच."

"तिकीट काढून बसतात ती माणसं, बाबा. भय त्यांचंच जास्त." नानांनी अडकित्ता खाली ठेवला. "सांगतो. पण गावाचं नाव विचारायचं नाही. त्या घरात अजून माणूस राहतो."

नानांनी सांगितलेली हकीकत अशी.

तीन वर्षांपूर्वीची, म्हणजे त्र्याहत्तर सालची, खानदेशात आखाजी म्हणतात त्या अक्षय्य तृतीयेची आदली रात्र. वार शुक्रवार. कांतीलाल नावाचा तिशीतला व्यापारी भडगावहून आपल्या बायकोला, कुसुमलताला, आणि सव्वा महिन्याच्या मुलाला घरी घेऊन निघाला होता. आखाजीला लेकी माहेरी जातात आणि हा बायकोला सासरी आणत होता, याचे लोकांना नवल वाटावे. परंतु कारण तसेच होते. कांतीलालच्या आईचे, धनकुंवरबाईंचे, वर्षीतप त्या आखाजीला पुरे होत होते. वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असे ते कठीण व्रत. उसाचा रस घेऊन त्याचे पारणे होते. "नातू मांडीवर घेईन, मगच रसाला ओठ लावीन," असा त्यांचा निरोप होता.

गाडी नानांचीच होती. वाटेत चाक बसले, तासभर मोडला. साक्रीच्या अलीकडे एका फाट्यावर नानांनी त्या तिघांना उतरवले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. चहाच्या टपरीमागे कांतीलालची दमणी, ताडपत्रीच्या छताची हलकी बैलगाडी, सकाळपासून बांधून ठेवलेली होती. त्याने बैल जुंपले. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. सालच दुष्काळाचे होते.

"शेट, रात्रीचे जाऊ नका. टपरीवर झोपा," नाना म्हणाले.

"आई उपाशी बसली आहे, नाना," कांतीलाल म्हणाला आणि थोडे थांबून उगाचच म्हणाला, "वाट माझ्या ओळखीची आहे."

ओळखीची होती, हे खरे. कशी होती, ते आता सांगितले पाहिजे.

कांतीलाल काकांच्या पेढीसाठी लोकर खरेदी करी. साक्रीच्या पलीकडच्या गवताळ माळांवर ठेलाऱ्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह हलणारे तळ, फिरत असत. हे मेंढपाळ लोक घर म्हणून बांधत नाहीत. भांडी, पाल, कोंबड्या आणि तान्ही मुले घोड्यांवर लादून आठ महिने चालतात. बहात्तरच्या चैत्रात कांतीलाल सायकल घेऊन सुपडू आबा नावाच्या म्हाताऱ्याच्या वाड्यावर गेला आणि तीन रात्री राहिला. त्याला त्यांनी नवे घोंगडे अंथरले आणि स्वतः मेंढरांजवळ धुळीत निजले. कांतीलाल सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नसे. हे कळल्यावर आबांची सून मंजुळा सगळ्यांच्या आधी त्याची एकट्याची भाकरी टाकी. बाळंत होऊन तिला बाराच दिवस झाले होते. रोज तिन्हीसांजेच्या आधी ती हाक मारी, "भाऊ, दिन बुडी ऱ्हायना, जेवी ल्या." लोकर पाहायला आलेल्या माणसाला भाऊ म्हणण्याची तिला कोणी सक्ती केली नव्हती.

डहाळीची खूण त्याला दाखवली तीही तिनेच. पुढे गेलेले लोक वाट फुटेल तेथे एक हिरवी डहाळी मोडतात आणि जी वाट आपली नाही तिच्यावर आडवी ठेवून वर दगड ठेवतात. मागून येणारा, लहान असो की म्हातारा, रात्र असो की दिवस, डहाळी पाहतो आणि दुसरी वाट धरतो. "डहाळी खोटं बोलस नही," ती म्हणाली होती.

चौथ्या दिवशी वाडा हलला. पुढच्या तुकडीने माळावरच्या दुफाट्यापर्यंत जाऊन उजवी वाट धरली, नदीकडची. नदीकाठी दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा माणूस कातरणीसाठी येऊन बसला होता. डावी वाट पाच कोस उजाड माळावरून कांतीलालच्या गावी जात होती. वाटेतली एकुलती एक विहीर कोरडी पडली होती. आबांच्या भावाचा मोठा कळप आणि मंजुळा अजून मागे होती. तिची घोडी एका पायाने लंगडत होती, म्हणून ती सर्वांच्या शेवटी येणार होती.

कांतीलाल सायकलवरून संध्याकाळी दुफाट्यावर पोचला. डावीकडे डहाळी होती. त्याने इकडेतिकडे पाहिले. दगड उचलला, डहाळी उचलली, आणि उजव्या वाटेवर आडवी ठेवून दगड पुन्हा वर ठेवला. त्याच्या मनात खून नव्हता. त्याच्या मनात लोकर होती. कळप डावीकडे वळला तर सकाळी काकांच्या वखारीसमोर कातरणी होईल. मेंढरांना एक दिवसाचा फेरा पडेल, इतकेच.

पण मेंढरे डहाळी पाहत नाहीत. रात्री दुफाट्यावर येताच त्यांना नदीचा वास आला आणि सारा कळप डहाळी तुडवून उजवीकडे धावला. माणसे त्यांच्यामागे धावली. खाली पाहायला कोणाला सवड होती? खडकाळ जमिनीवर खूर उमटले नाहीत. तासाभराने मंजुळा आली. तिने कंदील धरला, डहाळी पाहिली, आणि डावी वाट धरली.

त्या साऱ्या वाड्यात कांतीलालच्या डहाळीवर विश्वास ठेवणारी ती एकटीच निघाली.

तिसऱ्या दिवशी ती सापडली, तहानेने गेलेली. कोरड्या विहिरीच्या काठाशी. मूल छातीशी होते. घोडी थोड्या अंतरावर.

पंधरा दिवसांनी सुपडू आबा स्वतः वखारीवर आले. "पोर वाट चुकनी, शेट," ते म्हणाले. "डहाळी वारानी सरकनी व्हई. तुमना गावकडेच ई ऱ्हायंती ती." मग ते म्हणाले की यंदाची सगळी लोकर तुम्हालाच देतो, कारण पोर तुम्हाला भाऊ म्हणत होती.

कांतीलालने लोकर घेतली.

नाना थांबले. खाली गल्लीत कोणीतरी बादली आपटली आणि पंडित दचकला.

"मग त्या रात्री?" अन्वरने विचारले. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

त्या रात्री दमणी दुफाट्यावर पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. द्वितीयेची कोर केव्हाच मावळली होती. बैल आपणहून थांबले. कांतीलालने कंदील पुढे धरला.

डाव्या वाटेवर डहाळी होती.

कडुनिंबाची. हिरवीगार. वर दगड.

त्या वर्षी वीस कोसांत झाडाला पान नव्हते. लोकांनी शेंडे ओरबाडून गुरांपुढे टाकले होते. कांतीलाल कंदील धरून उभाच राहिला.

"काय झालं?" आतून कुसुमलताने विचारले.

"काही नाही. फांदी पडली आहे."

त्याने ती उचलली आणि दूर भिरकावली. दमणी निघाली. अर्धा कोस गेला असेल. बैल पुन्हा थांबले.

डहाळी. दगड.

या वेळी तो उतरला नाही. त्याने बैलांना चाबूक मारला. चाक दगडावरून गेले, दमणी हिंदकळली, मूल जागे होऊन रडू लागले. आणि मुलाचे रडणे थांबले तेव्हा मागून आवाज येत होता.

तीन टापा... आणि एक फरफट. तीन टापा... आणि एक फरफट.

घोड्याची चाल. लंगड्या घोड्याची.

तो मागे वळला नाही. टापा जवळ आल्या. दमणीच्या बरोबरीने चालू लागल्या. कंदिलाच्या उजेडात काही नव्हते. उजेडाच्या पलीकडे... तेथे त्याने पाहिले नाही.

"भाऊ..."

आवाज दमलेला होता. रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरे झाले असते, असे तो पुढे नानांना म्हणाला.

"भाऊ, दिन बुडना... जेवनात का?"

कासरा त्याच्या हातातून सुटला. बैल चालतच राहिले.

"भाऊ... वाट कोनती शे?"

एक शब्द पुरे होता. तिकडे, उजवीकडे, नदीकडे. किंवा, मी हलवली, बाई. डहाळी मी हलवली. तो शब्द त्याच्या जिभेवर आला होता. परंतु मागे, ताडपत्रीच्या आत, कुसुमलता जागी होती. ती ऐकेल. तिला कळेल की आपण कोणाच्या घरी आलो.

तो गप्प राहिला.

"वाट कोनती शे, भाऊ?"

कोरडी विहीर आली. मागे गेली. टापा थांबल्या नाहीत. दर थोड्या वेळाने तोच प्रश्न. तितक्याच नम्रतेने. तो गप्प. ती विचारी. तो गप्प. पाच कोस... असे पाच कोस.

गावाची पहिली घरे दिसली तेव्हा पूर्वेकडे फटफटले होते. टापा ऐकू येईनाशा झाल्या. कांतीलालने कपाळ पुसले. संपले, असे त्याला वाटले.

दारात धनकुंवरबाई उभ्या होत्या. आतल्या बाजूला, उंबऱ्याच्या मागे. हातात उसाच्या रसाचा गडू. त्या बाहेर येत नव्हत्या. खाली पाहत होत्या.

उंबऱ्यावर आडवी डहाळी होती. वर दगड.

"हे कोणी ठेवलं?" त्या म्हणाल्या. "पहाटे दार उघडलं तेव्हा काही नव्हतं. देवाला दिवा लावून परत आले, तर हे."

कांतीलाल झटकन पुढे झाला. "कोणा पोराचा खोडसाळपणा. थांब, काढतो."

"थांबा," कुसुमलता म्हणाली. ती मुलाला घेऊन दमणीतून उतरली होती. डोळे जागरणाने लाल होते. "आधी मला एक सांगा. रात्रभर ती बाई बिचारी वाट विचारत होती. तिच्याजवळ मूल होतं, मला त्याचा आवाज येत होता. तुम्ही तिला वाट का सांगितली नाही?"

त्याने बायकोकडे पाहिले, आईकडे पाहिले. मग तो खाली, दमणीच्या चाकाशी बसला आणि त्याने सगळे सांगितले. एक वर्ष उशिरा, आणि ज्या दोघींना सांगायला तो रात्रभर भ्याला त्यांनाच.

कुसुमलता ओरडली नाही, रडली नाही. "या वाटेने माझं मूल आत जाणार नाही," एवढेच ती म्हणाली आणि मुलासह दमणीत जाऊन बसली. गावातला एक माणूस त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेला. सकाळच्या गाडीने ती भडगावला परतली. ती गाडीही नानांचीच होती.

धनकुंवरबाईंनी रसाचा गडू अंगणात ओतला. त्यांचे पारणे त्या दिवशी झाले नाही. पुढे आठ दिवसांनी त्या मागच्या दाराने बाहेर पडून आपल्या भावाकडे सावद्याला गेल्या आणि कांतीलालच्या घरी पुन्हा आल्या नाहीत.

नानांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले.

"आणि कांतीलाल?" पंडितने विचारले.

"तिथेच आहे. एकटा. मागच्या दाराने ये-जा करतो. दिवस असताना भाकरी टाकतो, पुढ्यात घेऊन बसतो. कधी कधी तशीच राहते. मला गाडीत त्यानंच सांगितलं हे सगळं, माझ्या शेजारी बसून, चार-पाच खेपांना, तुकड्यातुकड्यानं."

"आणि ती डहाळी?" अन्वर म्हणाला. "ती कोणी उचलली नाही?"

नानांनी अडकित्ता मिटला.

"सुपडू आबाला बोलावून घ्या, त्याच्या पाया पडा, मग तो उचलेल, असं मी शेटला म्हणालो होतो. तो म्हणाला, आबांना काय सांगू? मी म्हटलं, बायकोला सांगितलंत तेच." नानांनी मान हलवली. "नाही बोलावलं त्यानं. लोकर मात्र अजून आबाच देतात. माणूस ओळखीचा आहे म्हणून."

गल्लीत अजून वीज आलेली नव्हती.

"गेल्या आठवड्यात आखाजी झाली," नाना म्हणाले. "मी मुद्दाम जाऊन आलो. पुढचं दार तीन वर्षांत उघडलेलं नाही. कड्यांना गंज चढला आहे. उंबऱ्यावर दगड आहे. दगडाखाली डहाळी आहे. मी वाकून पाहिलं..."

"वाळलेली?"

"हिरवी. आणि मोडलेला देठ ओला होता."